लाकडी सुरा

रायपूरच्या उत्तरेस उरला ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील एखाद्या जुन्या पद्धतीच्या रोलिंग मिलमध्ये तुम्ही काम केले असेल, किंवा घरातील कोणाकडून त्या कामाविषयी ऐकले असेल, तर पुढील दृश्य तुमच्या डोळ्यांसमोर सहज उभे राहील. भट्टीत तापलेली लालबुंद सळई दोन रुळांच्या फटीतून सापासारखी सळसळत बाहेर येते. सांडशी घेऊन उभा असलेला कामगार तिचे टोक पकडतो, अंगाला गिरकी देतो आणि तेच टोक शेजारच्या रुळांच्या फटीत घालतो. सळई क्षणभरही थांबत नाही. तोही तिला थांबवीत नाही, कारण थांबविली तर ती वाकून त्याच्याच अंगावर येईल. सळईच्या सरळ रेषेत तो उभा राहत नाही. एका अंगाला राहतो, तिच्या वेगाबरोबर वळतो आणि तिला नवी वाट करून देतो. हे कौशल्य त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नसते. जुन्या कामगाराच्या शेजारी उभे राहून, चटके सोसून तो ते शिकलेला असतो.

आयकिडो नावाच्या जपानी युद्धकलेचा पाया नेमका हाच आहे. अंगावर येणारा जोर छातीवर झेलायचा नाही, त्याच्याशी झोंबायचे नाही. त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे आणि त्यालाच वळण द्यायचे. ‘आय’ म्हणजे मेळ, ‘कि’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘डो’ म्हणजे मार्ग. ज्युडो आणि कराटे ही नावे आपल्याकडे घरोघरी पोचली आहेत. आयकिडो त्या मानाने अपरिचित राहिला, कारण त्याच्या बहुतेक शाखांत स्पर्धा नाहीत, पदके नाहीत आणि म्हणून वर्तमानपत्रांत छायाचित्रेही नाहीत.

हा पाठ लिहिण्यास मात्र एक प्रश्न कारणीभूत झाला. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत मराठी शिकवीत होते, तेथील स्नेहसंमेलनात स्वसंरक्षणाची प्रात्यक्षिके झाली. पांढऱ्या पोशाखातील मुले लाकडी सुरा घेऊन एकमेकांवर धावून जात. आणि पापणी लवते न लवते तोच सुरा दुसऱ्याच्या हाती आणि हल्ला करणारा जमिनीवर! टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या दिवशी नववीतील एका मुलीने वर्गात विचारले, “बाई, खरोखरीच असे होते का?” तिला रोज संध्याकाळी शिकवणीहून एकटीने घरी परतावे लागे, हे मला ठाऊक होते. “सराव केला तर होते,” असे मी सांगून टाकले. त्या उत्तरात किती खोटेपणा होता, हे कळण्यास मला पुढे काही वर्षे लागली.

प्रथम या विद्येची थोडक्यात ओळख करून घेऊ. तिचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा यांचा जन्म १४ डिसेंबर १८८३ रोजी जपानमधील तानाबे या गावी झाला. तरुणपणी ते उत्तरेकडील होक्काइदो बेटावर शेती वसविण्यासाठी गेले. तेथे १९१५ साली त्यांची सोकाकु ताकेदा या निष्णात योद्ध्याशी गाठ पडली आणि त्यांच्याकडून ‘दाइतो-र्‍यू’ नावाची जुनी झटापटीची विद्या ते शिकले. पुढे ओनिसाबुरो देगुची या धर्मगुरूंच्या सहवासात त्यांच्या विचारांना वेगळे वळण लागले. शत्रूला नष्ट करणे हे युद्धकलेचे साध्य नसून संघर्षच शमविणे हे आहे, असे ते सांगू लागले. १९३१ साली त्यांनी टोकियोत स्वतःची व्यायामशाळा उभारली. १९४२ पासून या विद्येला ‘आयकिडो’ हे नाव रूढ झाले. २६ एप्रिल १९६९ रोजी उएशिबा यांचे निधन झाले. आज त्यांचे नातू मोरितेरु उएशिबा हे त्यांच्या परंपरेचे प्रमुख आहेत.

जपानी झटापटीच्या विद्येशी भारताचा परिचय मात्र आयकिडोच्या आधीचा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या ज्युडोशिक्षकांना शांतिनिकेतनात आणले आणि तेथील मुलांबरोबर मुलीही ती विद्या शिकल्या. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

आता सरावाच्या वर्गात जाऊ. जेथे सराव चालतो त्या जागेला ‘दोजो’ म्हणतात. आपल्या तालमीत जशी लाल माती, तशी तेथे गादी अंथरलेली असते. आपण मातीला हात लावून तो कपाळाला टेकवितो. ते गुडघे मोडून, आपल्या वज्रासनासारखे बसून वाकून नमस्कार करतात. गुरूला ‘सेन्सेई’ म्हणतात. सेन्सेई एखादा डाव न बोलता चार वेळा करून दाखवितात, दोनदा उजवीकडून व दोनदा डावीकडून. मग विद्यार्थी जोड्या करून तोच डाव करू लागतात. जोडीतील एकजण हल्ला करतो आणि शेवटी पडतो. त्याला ‘उके’ म्हणतात. दुसरा डाव करतो. चार वेळा झाले की भूमिका बदलतात. दहा वर्षे सराव केलेला मनुष्यही रोज निम्मा वेळ पडतच असतो.

पडणे हाच तेथील पहिला धडा आहे. त्याला ‘उकेमी’ असे नाव आहे. नवशिक्याला वाटते, आपण डाव शिकायला आलो आणि हे आपल्याला नुसते लोळायला लावतात. परंतु नीट पडता न येणाऱ्यावर कोणताही डाव पूर्ण करता येत नाही. मनगट किंवा खांदा दुखावतो. मागे पडताना हनुवटी छातीशी टेकवावयाची, म्हणजे डोके आपटत नाही. पाठ गोल करावयाची. तळहात आणि दंड गादीवर एकदम आपटावयाचे, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. पुढे पडताना कोलांटउडी सरळ डोक्यावरून घ्यावयाची नाही. हात, दंड, खांदा आणि तेथून तिरपे पलीकडच्या कमरेपर्यंत अंग गाडीच्या चाकासारखे फिरले पाहिजे. तीन-चार महिन्यांत हे अंगवळणी पडते. माझे स्पष्ट मत असे की, आयकिडोतील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. आयुष्यात सुरा घेऊन अंगावर येणारा बहुतेकांना कधीच भेटत नाही. ओली फरशी, घसरलेली दुचाकी आणि हुकलेली पायरी सर्वांनाच भेटते.

त्यानंतर पाय कसे टाकावयाचे ते शिकवितात. हल्ल्याच्या रेषेतून तिरपे पुढे शिरणे याला ‘इरिमी’ म्हणतात, आणि एका पायावर वळून हल्लेखोराच्या बाजूला, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहणे याला ‘तेंकान’. या दोन हालचालींवर साऱ्या विद्येची इमारत उभी आहे. मराठी वाचकाला यात नवे काही नाही, कारण ‘बगल देणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. अडचणीच्या प्रश्नाला बगल देणारा पुढारी आपल्या परिचयाचा असतो, पण अंगावर आलेल्याला बगल देणे ही मुळात शरीराची हालचाल आहे, याची आठवण आपल्याला राहिलेली नाही. ‘पवित्रा घेणे’, ‘हूल देणे’, ‘पेचात पकडणे’, ‘चीत करणे’ हे वाक्प्रचार पाहा. तालमी ओस पडल्या तरी त्यांची भाषा आपल्या तोंडी शिल्लक आहे.

आता मुख्य विषय, सुऱ्याचा. आयकिडोत ‘तांतो’ नावाचा आखूड लाकडी सुरा वापरतात आणि तो काढून घेण्याच्या डावांना ‘तांतो-दोरी’ म्हणतात. सामान्यतः तीन प्रकारचे वार शिकवितात: वरून डोक्यावर येणारा, बाजूने मानेकडे किंवा कानशिलाकडे येणारा, आणि पोटात सरळ भोसकणारा. प्रत्येक वाराला क्रम एकच असतो. आधी रेषेतून बाजूला होणे. मग सुरा धरलेल्या हाताचे मनगट किंवा कोपर ताब्यात घेणे. त्या हाताचा जोर न अडविता त्याला खाली अथवा गोल फिरविणे. हल्लेखोराचा तोल गेला की मनगट बाहेरच्या बाजूला वळवून त्याला पाडणे, आणि तो जमिनीवर पालथा असताना त्याची मूठ उघडून सुरा काढून घेणे. मूठ उघडणे सर्वांत शेवटी. तोल सांभाळून उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून सुरा हिसकावू पाहणारा आपलीच बोटे कापून घेतो.

डावांची आखणी किती विचारपूर्वक केली आहे याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. हात खाली दाबून माणसाला पालथा पाडण्याच्या ज्या मूळ पकडी आयकिडोत आहेत, त्यांतील पहिली आणि पाचवी दिसायला जवळजवळ सारख्या आहेत. फरक एवढाच, की पाचवीत मनगट धरण्याची दिशा उलटी असते. सुऱ्याचे पाते आपल्या मनगटाकडे वळू नये, म्हणून ही उलटी पकड. आपल्या वस्तादांच्या पेचांतही असले बारकावे असत. कोणीतरी कधीतरी हात कापून घेतल्याखेरीज ते सुचत नसावेत.

हे सर्व वर्गात पाहताना मोहक वाटते. अडचण अशी की, वर्गातील उके एकच वार करतो, तो कोणता करणार हे आधी ठरलेले असते, आणि वार केल्यावर तो हात क्षणभर पुढे ठेवतो. रस्त्यावरचा चाकूवाला यांतील एकही गोष्ट करीत नाही. पुष्कळदा तो चाकू दाखवीतच नाही. दुसऱ्या हाताने गळा किंवा कपडा धरतो आणि चाकूचा हात शिलाई यंत्राच्या सुईसारखा चालवितो. वार करतो, मागे घेतो, पुन्हा करतो. असा हात पकडणे म्हणजे फिरत्या पंख्याचे पाते पकडण्यासारखे आहे.

चाळिशी उलटल्यावर मी स्वतः काही महिने आयकिडोच्या वर्गाला जात होते. त्या मुलीचा प्रश्न मनात होताच. एकदा आमच्या शिक्षकांनी लाकडी सुऱ्याची धार ओल्या गेरूत बुडविली आणि सर्वांना पांढरे सदरे घालून यायला सांगितले. अट एकच होती, उकेने ठरवून वार करावयाचा नाही, मनाला येईल तसा करावयाचा. एका मिनिटानंतर माझ्या सदऱ्यावर तेरा रेघा होत्या. तीन पोटावर, एक गळ्याशी, उरलेल्या हातांवर. मी खट्टू झाले. मग शिक्षक स्वतः पुढे झाले. वीस वर्षे सराव केलेला तो मनुष्य! त्यांनी सुरा काढून घेतला खरा, पण त्यांच्याही सदऱ्यावर चार रेघा उमटल्या होत्या. त्या त्यांनी आम्हांला बोटाने मोजून दाखविल्या. “ही दंडाच्या आतली,” ते म्हणाले, “येथे मोठी रक्तवाहिनी असते.” एवढे बोलून ते गप्प झाले. आपल्या विद्येची मर्यादा विद्यार्थ्यांपुढे अशी उघडी करून दाखविणारे शिक्षक मी फार थोडे पाहिले आहेत. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो त्या दिवशी.

अंतराचे महत्त्व एका साध्या प्रयोगाने कळते. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातील सार्जंट डेनिस ट्यूलर यांनी मोजून पाहिले की, चाकू घेतलेला मनुष्य २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात प्रशिक्षित पोलिसालाही कमरेचे पिस्तूल काढून नेमका नेम धरणे कठीण जाते. १९८३ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. तुम्हांलाही ते पडताळता येईल. मोकळ्या, सपाट मैदानावर मित्राला आपल्यापासून सुमारे सात मोठ्या पावलांवर उभे करा. त्याच्या हातात काहीही नको. तो निघाला की खिशातील मोबाइल काढून कानाला लावण्याचा प्रयत्न करा. त्याने फक्त तुमच्या खांद्याला हात लावावयाचा. मग हेच अंतर निम्मे करून पाहा. आयकिडोत दोघांमधील अंतराला ‘मा-आई’ म्हणतात आणि जाणते शिक्षक डावापेक्षा त्यावरच अधिक बोलतात. एक हात लांब असलेला चाकू आणि घराच्या बंद दाराबाहेर असलेला चाकू यांत जो फरक आहे, तो जगातील कोणत्याही डावाने भरून निघत नाही.

सरावातील खोटेपणा कमी व्हावा म्हणून काहींनी वेगळी वाट धरली. उएशिबा यांचेच एक शिष्य केंजी तोमिकी यांनी वासेदा विद्यापीठात आयकिडोची अशी शाखा वाढविली, जीत स्पर्धा आहे. एकाच्या हाती मऊ सुरा, दुसरा निःशस्त्र. सुरेवाल्याने धडावर नेमका वार लावला की त्याला गुण. निःशस्त्राने डाव साधला की त्याला. अर्धा वेळ संपला की सुरा दुसऱ्याच्या हाती जातो. जुन्या वळणाच्या गुरूंना स्पर्धेची कल्पना रुचली नाही, कारण जिंकण्या-हरण्याची ओढ लागली की मूळ हेतूच बाजूला पडतो, असे त्यांना वाटे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही खरा प्रतिकार काय असतो हे शिकण्यासाठी तोमिकींची वाट अधिक प्रामाणिक आहे, असे मला वाटते.

आपल्याकडेही ही विद्या होती, आणि ती कोठे नोंदली गेली हे मराठी विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. बडोदे संस्थानात जुम्मादादा नावाचे एक मुसलमान वस्ताद होते. त्यांनी आपला आखाडा सोपविला तो गजानन यशवंत तांबे या मराठी शिष्याच्या हाती. हेच पुढे राजरत्न प्रोफेसर माणिकराव म्हणून प्रसिद्ध झाले. ‘जुम्मादादा व्यायाममंदिर’ हे गुरूचे नाव त्यांनी आखाड्याला दिले. त्याच बडोद्यातील दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ या मराठी ग्रंथाचे १० खंड १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध केले, आणि १९५० साली त्याचा इंग्रजी अवतार एका खंडात काढला. लाठी, फरीगदका, पट्टा, जांबिया यांचे हात त्यात चित्रांसह दिलेले आहेत. दुसऱ्या कोणत्याही भारतीय भाषेत या विषयावर इतके मोठे काम माझ्या पाहण्यात नाही. विदर्भात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करीत आले आहे. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात येऊन राहिलेल्या मराठी घरांना अमरावती काही दूर नाही.

या जुन्या विद्यांत दोन नावे आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहेत, ‘बिनोट’ आणि ‘बंदेश’. सशस्त्र माणसापासून स्वतःला वाचविण्याची विद्या ती बिनोट. तिच्यातील प्रकार इतके इजा करणारे होते की तिचा सराव हळूहळू मागे पडला. बंदेशमध्ये शस्त्रधाऱ्याला पेचात अडकवून, त्याचा जीव न घेता त्याचे शस्त्र काढून घ्यावयाचे असते. ज्याने शस्त्र काढून घेतले तो जिंकला. उएशिबा यांच्या विद्येचे ऐकून आपण चकित होतो, पण ‘त्याला मारू नये, त्याचे शस्त्र घ्यावे’ हा विचार आपल्या आखाड्यांतही होता. तो लिहून ठेवणारा मुजुमदारांसारखा एखादाच निघाला, इतकेच.

सुऱ्याच्या हल्ल्याचा विषय निघाला की मराठी माणसाला १० नोव्हेंबर १६५९ हा दिवस आठवल्याशिवाय राहत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान आणि शिवाजी महाराज यांची भेट झाली. बखरींतील वर्णनानुसार खानाने आलिंगन देताना महाराजांची मान काखेत दाबली आणि कुशीत कट्यारीचा वार केला. लहानपणापासून ही कथा आपण वाघनखांसाठी ऐकतो. मला मात्र तिच्यातील वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. तो वार चुकविता आला नाही. एवढ्या जवळून, मान अडकलेली असताना, तो कोणालाही चुकविता आला नसता. महाराजांना वाचविले अंगरख्याखालच्या चिलखताने. ते आदल्या दिवसापर्यंतच्या विचाराचे फळ होते. भेटीची जागा, सोबतच्या माणसांची संख्या, रानात पेरलेले सैन्य हे सर्व आधी ठरले होते. पुढे सय्यद बंडा धावून आला, तेव्हा त्याला अडविले जिवा महालाने. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्यावरूनच रूढ झाली.

मग त्या मुलीला आज मी काय सांगेन? चाकू दाखवून कोणी पैसे, मोबाइल किंवा साखळी मागितली, तर ती वस्तू द्यावी, शक्य तर थोडी बाजूला टाकावी आणि विरुद्ध दिशेने उजेडाकडे, माणसांकडे पळावे. पगाराच्या संध्याकाळी खिशात महिन्याची कमाई असते तेव्हा हे सांगणे सोपे, करणे कठीण असते, हे मी जाणते. अर्धवट शिकलेल्या माणसाला तर ते अधिकच कठीण जाते, कारण त्याला वाटत असते की आपल्याला डाव येतो. तो वाटण्याचा क्षणच घात करतो. पळता येत नसेल तर मध्ये काहीतरी घालावे: सायकल, खुर्ची, दप्तर, हातावर गुंडाळलेली ओढणी किंवा सदरा. मोठ्याने ओरडावे. आणि यांतील काहीच शक्य नसेल, पाठीशी भिंत असेल आणि समोरच्याला पैसे नव्हे तर जीवच हवा असेल, तेव्हा त्या सुऱ्याच्या हाताला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवावे. आयकिडोचा खरा उपयोग झालाच तर या शेवटच्या पायरीवर होतो. अंगावर रेघा उमटतील, पण त्या पोटाऐवजी हातावर उमटाव्यात, इतके सरावाने साधते.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वतःच्या व इतरांच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा अधिकार नागरिकाला दिलेला आहे. पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत तो होता. परंतु बचावासाठी जरूर तेवढीच इजा करता येते, अधिक नाही. चाकू हाती आल्यावर पळणाऱ्याच्या पाठीत तो मारणे हा बचाव नव्हे. जखम झाली तर स्वच्छ कापड तिच्यावर जोराने दाबून धरावे आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागावी. पाते शरीरात रुतलेले असेल तर ते उपटू नये. पुष्कळदा त्याच्यामुळेच रक्त थोपलेले असते.

इतके ऐकल्यावर तुम्ही विचाराल, मग लाकडी सुऱ्याचा सराव करावयाचाच कशाला? आमच्या वर्गात एक उतारवयाचे गृहस्थ होते, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. शिक्षकांनी त्यांना उके केले, सुरा हातात दिला आणि स्वतःवर खरा वार करायला सांगितले. गृहस्थांनी सुरा पोटापासून वीतभर दूरच थांबविला. पुन्हा केला, पुन्हा दूरच. शिक्षक म्हणाले, “तुम्ही मला वाचवीत आहात आणि त्यामुळे मी काहीच शिकत नाही.” हे ऐकून माझ्या लक्षात आले की, सुऱ्याच्या सरावात अर्धे शिक्षण सुरा धरणाऱ्याचे असते. वार खरा हवा, पण सोबत्याला इजा होता कामा नये. म्हणजे हल्ला करणाऱ्याला समोरच्याचे अंतर, त्याचा तोल, त्याची भीती हे सर्व वाचता आले पाहिजे. स्नेहसंमेलनातील मुलांचे चुकले असेल तर येथे. त्यांचे वार सोबत्याला टाळ्या मिळवून देण्यासाठी होते.

त्या गृहस्थांचा वार नीट बसू लागण्यास दोन महिने लागले. डाव संपला की सुरा परत कसा द्यावयाचा, याचाही एक नियम आम्हांला शिकविला होता. सुरा दोन्ही हातांवर आडवा धरावा, धार स्वतःकडे आणि मूठ सोबत्याच्या उजव्या हाताकडे. थोडे वाकून तो पुढे करावा. सोबती तो घेतो, चार पावले मागे सरतो, नजर वर करतो आणि पुन्हा पवित्रा घेतो.